नाताळची पंगत आणि रिकामे पान

गेल्या काही वर्षांत आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गात एक नवी चाल पडू लागली आहे, व तिजविषयी स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. डिसेंबरच्या २५ तारखेस स्नेह्यांना घरी जेवावयास बोलवावयाचे, आणि त्या भोजनास दरवर्षी एक नवा विषय, हल्लीच्या भाषेत 'थीम', योजावयाचा, अशी ही चाल आहे. एका वर्षी सर्वांनी तांबडी वस्त्रे परिधान करून यावे. दुसऱ्या वर्षी दिवाणखान्याचा उत्तर ध्रुव व्हावा. तिसऱ्या वर्षी डिकन्सकालीन लंडन अवतरावे. मोठ्या शहरांतील ही हौस आता आमच्या भुसावळासही येऊन पोहोचली आहे.

हिच्यावर सनातनी मंडळींचा आक्षेप ठरलेला आहे : परधर्मीयांचा सण हिंदूच्या घरी कशाला? हा आक्षेप आम्हांस मुळीच मान्य नाही. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेत आला आणि पाव-बटाट्याइतकाच येथे रुळला. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली. पोर्तुगीजांची सत्ता गेली, पण तेथील ख्रिस्ती कुटुंबे, त्यांची बोली व त्यांचा नाताळ ही मागे राहिली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणून अभंग टाकला नाही. ख्रिस्तभक्तीसाठीच तो योजिला. २०२० साली उस्मानाबादेस भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. गोव्याच्या नाताळातील नेवरी ही तर आपली करंजीच. अशा सणास परका म्हणणे हे धर्मप्रेम नसून निव्वळ अज्ञान होय.

आमचा आक्षेप नेमका याच्या उलट आहे. नाताळ आपल्या शेजाऱ्याचा आहे, म्हणूनच त्या शेजाऱ्यास वगळून तो साजरा करणे आम्हांस खटकते. आमच्या पाहण्यातील अशा पंगतींत वीस-पंचवीस पाने मांडलेली असतात. परंतु त्यांतील एकाही पानावर ख्रिस्ती मनुष्य बसलेला आढळत नाही. ईदेच्या दिवशी आपण मुसलमान स्नेह्याकडे शिरखुर्म्यासाठी जातो. पण एखाद्या गृहस्थाने त्या स्नेह्यास न बोलावता आपल्याच घरी ईदेची मेजवानी भरविली आणि 'यंदाचा विषय अरबस्तान' असे जाहीर केले, तर त्यास आपण काय म्हणू? मग नाताळलाच निराळा न्याय का?

भुसावळकरांस तर या बाबतीत कोणतीच सबब उरत नाही. हे गाव रेल्वेने वाढविले. मुंबईकडून येणारा लोहमार्ग येथे फुटतो; एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा खांडव्याकडे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या अमदानीत येथील रेल्वेवस्तीत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर व गार्ड नांदत होते. स्वातंत्र्यानंतर त्या समाजातील पुष्कळ कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली, हे खरे. तथापि गावात आजही प्रार्थनामंदिरे आहेत, मराठी बोलणारी ख्रिस्ती घरे आहेत. ज्या घरच्या कपाटात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' कौतुकाने ठेविलेली असतात, त्याच घरास शेजारच्या आळीतील ख्रिस्ती बाईंचे नाव ठाऊक असू नये, ही गोष्ट सुशिक्षितपणास शोभते काय?

यावर यजमान म्हणतात, "आमच्या जेवणाशी धर्माचा काय संबंध? मित्रांनी वर्षातून एकदा जमावे, एवढाच हेतू." हेतू उत्तम आहे, मित्रांनी अवश्य जमावे. पण मग तारीख २५ डिसेंबरचीच कशासाठी? त्याच दिवसांत खानदेशात शेतोशेती भरिताच्या मेजवान्या झडत असतात. बामणोदची वांगी, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ आणि कळण्याची भाकरी एवढ्यावर रात्र रंगते; तेथे कोणी विषय विचारीत नाही, कारण बोलावणारा आणि बोलावलेला हाच तेथील विषय असतो. नाताळच्या या पंगतीस विषय लागतो, तो आमच्या मते एका रिकाम्या पानाची उणीव झाकण्यासाठी. ज्याचा सण तो समोर बसला असता, तर त्याच्या घरी आदल्या रात्रीची उपासना कशी होते, फराळास काय करतात, लहानपणीचा नाताळ कसा असे, हे ऐकण्यातच वेळ अपुरा पडला असता.

डिकन्सचे नाव घेणाऱ्यांस तर आम्ही थोडे अधिकाराने बोलू शकतो, कारण त्याचे ग्रंथ शिकविण्यात आमचे आयुष्य गेले आहे. 'अ ख्रिसमस कॅरल' ही कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. तीत भाजलेला हंस आहे, पुडिंग आहे. परंतु तिचे मर्म त्यांत नाही. एका कृपण मालकास आपल्या गरीब कारकुनाचे घर प्रथमच दिसते, हे तिचे मर्म. भिंतीवर लंडनचे कंदील लावावयाचे आणि पंचवीस माणसांची भांडी घासण्यासाठी मोलकरणीस मध्यरात्रीपर्यंत ओट्यापाशी थांबवून ठेवावयाचे, असे जेथे चालते तेथे डिकन्सचा पोशाख आला, डिकन्स आला नाही!

"पण ओळखच नाही, तर बोलवावे कोणास?" असा शेवटचा प्रश्न येतो. ओळख नाही, हाच तर आमचा मुद्दा आहे. आणि ती करून घेण्यास दिवाळीच्या फराळाचे एक ताट पुरेसे आहे. ते ताट नेऊन द्यावे. नाताळच्या दिवशी शेजारी आपल्या मुलाबाळांत असणार. तेव्हा त्या दिवशी आपण त्याच्या घरी शुभेच्छा देण्यास जावे, देईल तो फराळ आनंदाने घ्यावा, आणि आपले भोजन दुसऱ्या दिवशी ठेवून त्यास सहकुटुंब बोलवावे. ताटात भरीत असले तरी चालेल. मोलकरणीसही त्याच पंगतीत पान मांडावे, आणि भांडी सकाळी सर्वांनी मिळून घासावी.