नेम चुकतो नेमबाजाचा की रायफलच्या बैठकीचा? समजून घ्या ‘बेडिंग’चं गणित

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकलं. चर्चा झाली ती त्याच्या संयमाची, आणि ती योग्यच होती. पण या खेळात आपण मनाबद्दल जितकं बोलतो, तितकं यंत्राबद्दल बोलत नाही. त्याची किंमत नवशिके नेमबाज मोजतात.

बेडिंग म्हणजे काय?

रायफलची नळी ज्या धातूच्या भागाला जोडलेली असते, त्याला अ‍ॅक्शन म्हणतात. गोळी भरणारा बोल्ट यातच असतो. अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये, म्हणजे दस्त्यात, स्क्रूंनी आवळून बसवतात. या दोघांमधली बैठक म्हणजे बेडिंग.

बैठक बिघडली तर काय होतं?

साइट तर नळीसोबतच हलते, मग नेम का चुकावा? कारण खालची जागा उंचसखल असेल तर स्क्रू आवळताना अ‍ॅक्शनला ताण बसतो. शिवाय गोळी सुटताना नळी थरथरते. बैठक पक्की असेल तर ही थरथर दर वेळी जवळपास सारखी असते. ढिली असेल तर धक्क्यानंतर अ‍ॅक्शन पुन्हा त्याच जागी बसत नाही आणि थरथर बदलते. लाकडी स्टॉक पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. म्हणजे जूनमध्ये जुळवलेली रायफल मार्चमध्ये तशीच वागेल याची खात्री नाही.

आता ढोबळ हिशेब करू. नळी 65 सेंटिमीटरची धरा. गोळी सुटताना तिचं टोक 0.1 मिलिमीटरने, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीइतकं, भरकटलं तर 50 मीटरवर गोळी 7 मिलिमीटरहून जास्त सरकते. तिथे दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे फक्त 10.4 मिलिमीटर. अगदी मधोमध लागणारा 10.9 चा शॉट 10.0 वर येतो. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात, तिथे हे परवडत नाही.

उपाय काय?

अ‍ॅक्शनखाली इपॉक्सीचा थर भरून तिचा हुबेहूब साचा तयार करतात, त्याला ग्लास बेडिंग म्हणतात. स्क्रूंभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या की लाकूड दबत नाही, हे पिलर बेडिंग. अनेक आधुनिक रायफलींना थेट अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक असतो. तिथेही स्क्रू दर वेळी सारख्याच जोराने आवळावे लागतात, त्यासाठी टॉर्क रेंच लागतो.

मात्र बेडिंग ही जादू नाही. नळी खराब असेल किंवा गोळ्यांचा लॉट त्या रायफलला मानवत नसेल, तर उत्तम बैठकही उपयोगाची नाही. आणि हे घरी करण्याचं काम नाही. शस्त्र कायदा 1959 नुसार बंदुकांच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो.

मग करायचं काय?

क्लबची एक रायफल अनेक मुलं वापरतात. शॉट्स विखुरले की ‘लक्ष दे’ हा सल्ला फुकट मिळतो, स्क्रू मात्र कुणी तपासत नाही. इंजिनीअरिंगचा साधा नियम आहे: माणसाला दोष देण्याआधी यंत्र सारखाच निकाल पुन्हा पुन्हा देतं का, ते बघा. प्रशिक्षकाने रायफल स्टॉकसकट सँडबॅगवर टेकवावी आणि एकाच लॉटच्या गोळ्यांचे दहा-दहा शॉट्स घ्यावेत. तिथेही ते विखुरले, तर दोष मुलाच्या हातात शोधू नये.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये 50 मीटर प्रोनमध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं होतं. महाराष्ट्रात गुणवत्ता आहे, हे वेगळं सिद्ध करायला नको. पदकानंतर बक्षिसांच्या घोषणा होतात, त्या जरूर व्हाव्यात. पण प्रत्येक जिल्ह्याच्या रेंजसाठी एक प्रशिक्षित, परवानाधारक तंत्रज्ञ, एक टॉर्क रेंच आणि प्रत्येक रायफलची नोंदवही, एवढी तरतूद आधी व्हायला हवी. नवी रायफल घेण्यापेक्षा हे नक्कीच स्वस्त आहे. ‘आपल्याला जमत नाही’ असं समजून खेळ सोडणारं एखादं पोर त्यामुळे रेंजवर टिकेल.