शिष्यवृत्तीचा निकाल लागल्यानंतरचे चार दिवस



शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी कशी करून घ्यावी यावर आपण सगळेच भरपूर लिहितो. सराव प्रश्नपत्रिका, जादा तास, बुद्धिमत्ता चाचणीच्या युक्त्या, उत्तरपत्रिकेतले गोल कसे भरायचे, सगळं. पण निकाल लागल्यावर पहिल्या चार-आठ दिवसांत त्या मुलाचं काय करायचं, यावर मला कुठे दोन ओळी वाचायला मिळाल्या नाहीत. म्हणून आज तेवढ्याच दिवसांबद्दल लिहायचं आहे. माझी चूकही त्यात आहे, ती आधीच कबूल करते.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी जिल्हा गुणवत्ता यादीत आली. नाव सांगत नाही, कारण तिचं नाव आधीच खूप ठिकाणी छापून झालंय. परीक्षा फेब्रुवारीत झाली होती आणि अंतिम यादी येईपर्यंत पोरं सहावीत गेली होती. पावसाळा सुरू झालेला. यादी आली त्या दिवशी दुपारपर्यंत तिचा फोटो गावातल्या प्रत्येकाच्या स्टेटसला होता. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर दहा बाय सहाचा फ्लेक्स. तिचा फोटो मधोमध, आणि तिच्यापेक्षा मोठे फोटो आजूबाजूला आम्हा मोठ्या माणसांचे. खाली माझाही होता, मार्गदर्शक शिक्षिका म्हणून. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग सत्कार सुरू झाले. ग्रामपंचायत, सोसायटी, तालुक्याचा गुणगौरव समारंभ, कुणाच्या तरी वाढदिवसाचा कार्यक्रम. चार दिवसांत पाच शाली. मीच तिला घेऊन फिरत होते. पाचव्या दिवशी सकाळी परिपाठ झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आठवीला नंबर नाही आला, तर बॅनर काढून घेतात का?"

मी म्हटलं, "अगं, असं काही नसतं." आणि हजेरी घ्यायला लागले. उत्तर चुकलंच माझं. खरं तर ते उत्तर नव्हतंच.

त्यानंतर काही दिवसांनी अगदी वेगळ्याच विषयावर वाचत असताना मला हा प्रसंग पुन्हा आठवला. आमच्या एका पालकांची भाची अमेरिकेत शिकते. ती सांगत होती की तिच्याबरोबरच्या मुली सौंदर्यस्पर्धेतून कॉलेजची फी उभी करतात. मला वाटलं, पोरगी गंमत करतेय. वाचलं तर खरंच निघालं. तिकडे स्कॉलरशिप पेजंट म्हणून एक प्रकारच आहे. मिस अमेरिका ही स्पर्धा १९२१ मध्ये अटलांटिक सिटीत सुरू झाली ती पर्यटक आणखी थोडे दिवस थांबावेत म्हणून. शिष्यवृत्ती तिच्यात आली १९४५ साली. आधी गावची किंवा परिसराची स्पर्धा, मग राज्याचा किताब, मग देशाचा. आपल्याकडे केंद्र, तालुका, जिल्हा, राज्य असतं ना, तसाच हा जिना. शाळकरी मुलींसाठी वेगळी स्पर्धा आहे. अलाबामा राज्यातल्या मोबील या शहरात ती १९५८ पासून होते (स्पेलिंग आपल्या मोबाईलचंच!). आधी तिचं नाव अमेरिकाज ज्युनियर मिस होतं, २०१० पासून डिस्टिंग्विश्ड यंग विमेन झालं. तिच्यात शाळेतले गुण बघतात, मुलाखत घेतात, अंगातली कला बघतात. पुढे मोठ्या पत्रकार झालेल्या डायेन सॉयर या १९६३ च्या विजेत्या.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, सौंदर्यस्पर्धेचा आणि आमच्या पाचवीच्या पोरांचा काय संबंध? मलाही त्या स्पर्धांचं कौतुक करायचं नाहीये. मिस अमेरिकेत पोहण्याच्या कपड्यांतली फेरी २०१८ पर्यंत होती, म्हणजे शिक्षणाच्या पैशासाठी मुलींनी तसं उभं राहायचं! मला ते पटत नाही आणि पटणारही नाही. पण जिंकल्यानंतरच्या दिवसांचं तिथे जे होतं, ते बघण्यासारखं आहे.

तिथे राज्याचा किताब मिळाला की दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी नोकरीला लागल्यासारखी असते. वर्षभर शाळांत जायचं, दवाखान्यांत जायचं, कार्यक्रमांना उभं राहायचं, शिवाय देशाच्या स्पर्धेची तयारी. कितीतरी जणी त्यासाठी कॉलेजमधून वर्षभराची सुट्टी घेतात. बघा, शिष्यवृत्ती शिकण्यासाठी, आणि ती मिळाल्याबरोबर शिकणं थांबवायचं. हे वाचताना मला आमची चार दिवसांची सत्कारयात्रा आठवली. त्या चार दिवसांत तिचा अपूर्णांकांचा भाग बुडाला होता. तो मीच शिकवत होते, आणि बुडवलाही मीच. बाकीच्या एकोणतीस पोरांचाही.

आणि किताबामागून काय काय येतं, त्याच्या दोन गोष्टी सांगते.

१९४५ ची विजेती बेस मायरसन. शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली मिस अमेरिका हीच. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातली, रंगारीकाम करणाऱ्या ज्यू माणसाची मुलगी. पियानो आणि बासरी वाजवायची, हंटर कॉलेजातून पदवी घेतलेली. स्पर्धेच्या लोकांनी तिला सुचवलं की आडनाव बदल, ज्यू वाटणार नाही असं घे. तिने नकार दिला. जिंकली. पाच हजार डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. पण त्यानंतर पुरस्कर्त्यांपैकी काहींना आपल्या जाहिरातीत ज्यू मुलगी नको होती. दौऱ्यावर गेली तर ज्यूंना प्रवेश नाही अशा पाट्या लावलेली ठिकाणं. म्हणजे मुकुट डोक्यावर आणि दार बंद. तिने तो दौरा आवरता घेतला आणि शाळा-कॉलेजांतून द्वेषाविरुद्ध भाषणं द्यायला लागली. तेही त्याच वर्षी, जेव्हा युरोपातल्या छळछावण्यांची चित्रं नुकतीच जगासमोर आली होती.

दुसरी आपल्या जवळची. नीना दावुलुरी, तेलुगू आईवडिलांची मुलगी, अमेरिकेतच जन्मलेली. २०१३ मध्ये मिस न्यूयॉर्क झाली आणि त्याच सप्टेंबरात मिस अमेरिका. भारतीय वंशाची पहिली. कलेच्या फेरीत तिने बॉलिवूडच्या गाण्यावर शास्त्रीय ढंगाचं नृत्य केलं होतं. पहिल्या काही तासांतच ट्विटरवर तिला अरब म्हणाले, दहशतवादी म्हणाले, ही कसली अमेरिकन म्हणाले. आणि आपण इकडे काय केलं? आपल्याकडे चर्चा झाली तिच्या रंगाची. इतक्या सावळ्या मुलीला भारतातल्या स्पर्धेत कुणी जिंकू दिलं असतं का, अशी. प्रश्न खरा होता. आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला राधा कोणाला करतात ते बघा, उत्तर मिळेल.

या दोघी वीस-बावीस-चोवीस वर्षांच्या होत्या. बोलता येत होतं, नाही म्हणता येत होतं. आपली मुलं अकरा वर्षांची आहेत. त्यांना नाही म्हणायची जागाच आपण ठेवत नाही. तिला कुणी विचारलं होतं का, फोटो लावू का म्हणून? मी नव्हतं विचारलं. घरच्यांनीही नसेल.

आकड्यांबद्दलही थोडं बोलू. मिस अमेरिकेचे लोक सांगायचे, आम्ही वर्षाला साडेचार कोटी डॉलरच्या शिष्यवृत्त्या उपलब्ध करून देतो. २०१४ मध्ये तिकडच्या टीव्हीवरचे जॉन ऑलिव्हर यांनी त्याचा हिशोब मांडला. एकाच मुलीला अनेक कॉलेजांनी देऊ केलेली रक्कम सगळी बेरजेत धरली होती. मुलगी जाणार एकाच कॉलेजात! हातात पडलेले पैसे त्याच्या कितीतरी कमी. पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते जास्त बोचतं. इतके कमी पैसे असूनही, फक्त मुलींसाठी शिष्यवृत्ती देणारी त्याहून मोठी संस्था त्यांना देशात सापडली नाही. एवढ्या श्रीमंत देशात मुलींना फीसाठी स्टेजवर जावं लागतं ते यामुळे.

आपल्याकडे आहे का सगळं छान? पाचवीच्या शिष्यवृत्तीधारकाला आता महिना ५०० रुपये, दहा महिन्यांचे ५,००० रुपये वर्षाला मिळतात, तीन वर्षं. आठवीला ७५० प्रमाणे ७,५०० रुपये, दोन वर्षं. ही वाढ २०२३ मधली, त्याआधीची रक्कम सांगायला लाज वाटावी अशी होती. आता ५,००० मध्ये काय येतं? दप्तर, वह्या, गणवेशाचा दुसरा जोड, बुटांचा जोड, वर्षाचं एसटीचं थोडंफार भाडं. मजुरी करणाऱ्या घरात हा पैसा दिसतो. तरी त्या चार दिवसांत एकानेही त्या मुलीला सांगितलं नाही की तुला पैसे मिळणार आहेत, ते तुझे आहेत, त्याचं काय करायचं ठरव. पाच शालींची किंमत आणि फ्लेक्सचा खर्च मी नंतर मनातल्या मनात मोजला. वर्षाच्या शिष्यवृत्तीच्या जवळपास गेला.

परीक्षेत पात्र झालेली आणि शिष्यवृत्ती मिळालेली, यांतला फरक आपण शिक्षक जाणतो, पण मुलांना तो कुणी नीट सांगत नाही. प्रत्येक पेपरात ४० टक्के मिळाले की मूल पात्र. पैसे मात्र यादीतल्यांनाच. माझ्या वर्गात एक मुलगा दोन गुणांनी राहिला. दोन गुण म्हणजे एक प्रश्न. दोन्ही पेपरांतल्या दीडशे प्रश्नांमधला एक. वर्षभर तो त्या मुलीशेजारीच बसून गणितं सोडवायचा, बुद्धिमत्तेत तर तिच्या पुढे होता. फ्लेक्स लागला त्या दिवसापासून तो फाटकातून येणं सोडून मागच्या कुंपणाच्या फटीतून यायला लागला. मला हे आठ दिवसांनी कळलं, तेही शिपाईमामांनी सांगितलं म्हणून.

पालकहो, तुमच्यावर राग नाही. पोराचं कौतुक कुणाला नको असतं? ज्या घरात आजवर कुणाचं नाव कागदावर छापून आलं नाही, त्या घराला तो फ्लेक्स म्हणजे काय असतो हे मला समजतं. माझ्या डीएडच्या निकालाच्या दिवशी माझ्या वडिलांनी गावभर पेढे वाटले होते, उसने पैसे घेऊन. पेढे वाटा की. पेढा खाल्ला की संपतो. फ्लेक्स सहा महिने फाटकावर फडफडत राहतो, आणि मूल रोज त्याच्याखालून ये-जा करतं.

मला वाटतं, पहिले चार दिवस मुलाचे असावेत. शाळेत एकदाच, सगळ्या परीक्षेला बसलेल्यांना बोलवून, टाळ्या. बाहेरच्या सत्काराची बोलावणी आली तर सुट्टीच्या दिवशी, आणि मुलाला यायचं असेल तर. घरी त्याला विचारा, परीक्षेत कुठला प्रश्न आवडला. गंमत म्हणजे हे कुणीच विचारत नाही. मी नंतर विचारलं, तर ती आरशातल्या घड्याळाच्या प्रश्नाबद्दल दहा मिनिटं बोलत होती. बँकेचं पासबुक तिच्या हातात द्या, पैसे जमा झाले की ती नोंद तिला वाचू द्या. आणि जो दोन गुणांनी राहिला, त्याच्या घरी शिक्षकाने त्याच आठवड्यात जायलाच हवं. मी गेले, पण महिन्याने. तो अंगणात शेळीला पाला घालत होता. म्हणाला, "मॅडम, गुणपडताळणी करता येते का?" ती मुदत तोवर निघून गेली होती. माझ्या लक्षात असायला हवी होती, त्याच्या नव्हे.

त्या मुलीचा फ्लेक्स शेवटी आम्ही काढला, तोही वाऱ्याने एक कोपरा फाटल्यावर. काढताना मी तिला बोलावून घेतलं आणि सांगितलं, हा जुना झाला म्हणून काढतोय, तुझा नंबर कुठे जात नाही. तिने विचारलं, "मग हा मी घरी नेऊ? आमचा गोठा गळतो." नेला तिने. तिच्या गोठ्यावर आता आम्हा सगळ्या मोठ्यांचे फोटो उलट्या बाजूने आहेत.

यंदाचा निकाल यायचा आहे. फ्लेक्स नको, एवढं मी मुख्याध्यापकांना सांगून ठेवलं. ते म्हणाले, "मला पटतंय मॅडम, पण सरपंचांना तुम्ही समजवा." शनिवारी सकाळची शाळा सुटली की जाणार आहे.