विश्लेषण : एक सामना हरला की मोसम संपला! आटपाडी-विट्याच्या कॉलेज कबड्डीला साखळी पद्धत का हवी?

प्रवेश आटोपले, तासिका सुरू झाल्या आणि जिमखान्याच्या फलकावर संघनिवडीची सूचना लागली की आटपाडीतल्या कबड्डीपटूंच्या तोंडी एकच प्रश्न असतो : सांगली विभागाच्या पहिल्या फेरीत समोर कोण? उत्तर ‘विटा’ असेल, तर तो सामना नुसता पहिल्या फेरीचा राहत नाही. शेजारच्या गावाशी हरायचे नसते, हे कोणी शिकवावे लागत नाही.

पण या सामन्यात ईर्षेपेक्षा मोठे काही पणाला लागलेले असते. विभागीय स्पर्धा साधारणपणे बाद पद्धतीने होतात. म्हणजे ४० मिनिटांत एका संघाचे अख्खे वर्ष संपते. मोसमाच्या सुरुवातीच्या सामन्याला एवढी मोठी शिक्षा असावी का, हा या विश्लेषणाचा विषय.

आटपाडी-विटा लढतीला वजन का?

आटपाडीचे श्रीमंत बाबासाहेब देशमुख महाविद्यालय आणि विट्याचे बळवंत कॉलेज ही दोन्ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आणि दोन्ही सांगली जिल्ह्यातली. त्यामुळे खेळात ती एकाच विभागात येतात. दोन्ही तालुके एकाच विधानसभा मतदारसंघात आहेत. दोन्हीकडे पर्जन्यछायेचा दुष्काळ, दोन्हीकडे टेंभूच्या पाण्याची वाट पाहिलेली. डाळिंबाच्या बागा इकडेही आणि तिकडेही. सोयरीक तर इतकी की समोरच्या संघाचा कोपरारक्षक मामाच्या गावचा निघू शकतो.

आणखी एक धागा दोन्ही गावांना बांधतो : सोने-चांदी गलाईचा व्यवसाय. या पट्ट्यातली माणसे देशभरच्या शहरांत गलाईची दुकाने चालवतात. बारावी झालेल्या मुलापुढे शेती, भरतीची तयारी आणि परराज्यातले गलाईचे दुकान असे तीन रस्ते असतात. कॉलेजच्या संघातली जागा हे त्याला आणखी एक-दोन वर्षे गावात, शिक्षणात आणि मैदानावर धरून ठेवणारे कारण ठरू शकते. म्हणून पहिल्या फेरीतल्या पराभवाची किंमत गुणफलकापुरती नसते.

विभागीय सामन्यातून पुढची शिडी कशी?

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. महाविद्यालयाचा संघ आधी आपल्या विभागात खेळतो. तिथले यशस्वी संघ आंतरविभागीय स्पर्धेत जातात. या सामन्यांत नजरेत भरलेले खेळाडू विद्यापीठ संघाच्या निवडीपर्यंत पोहोचतात. विद्यापीठाचा संघ पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो आणि तिथून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेचा दरवाजा उघडतो. २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हापासून या शिडीला वर आणखी एक पायरी जोडली गेली आहे.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी वरच्या दर्जाच्या स्पर्धेतली कामगिरी लागते, विभागीय विजय पुरत नाही. पण त्या स्पर्धेपर्यंत जाणारा कॉलेजचा रस्ता विभागीय मैदानावरूनच जातो. सांगली जिल्ह्यातल्या नितीन मदने याने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत भारतीय संघातून सुवर्णपदक मिळवले. जिल्ह्यात गुणवत्ता आहे, हे वेगळे सिद्ध करायची गरज नाही. प्रश्न आहे तो ती गुणवत्ता किती वेळ डोळ्यांसमोर राहते याचा.

मोसमाच्या सुरुवातीचा सामना अवघड का?

पहिले कारण साधे आहे. संघ अजून संघ झालेला नसतो. तिसऱ्या वर्षाची मुले पदवी घेऊन बाहेर पडलेली असतात आणि प्रथम वर्षाची मुले नुकतीच आलेली असतात. कबड्डीत चढाईपटू एकट्याच्या चपळाईवर गुण आणू शकतो, बचाव मात्र ओळखीवर उभा राहतो. कोपरारक्षकाने घोटा धरला की त्याच क्षणी मध्यरक्षकाने अंगावर यायला हवे. अर्धा सेकंद उशीर झाला तरी चढाईपटू मध्यरेषा गाठतो. ही वेळ जुळायला सराव लागतो, आणि त्याहून जास्त सामने लागतात.

दुसरे कारण मैदान. गावात सराव मातीवर होतो, तर मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मॅटवर बूट घालून खेळावे लागते, पायाची पकड बदलते, वळण्याचा वेग वाढतो. मातीत सरकत जाऊन घोटा धरणाऱ्या मुलाला मॅटवर अंतराचा अंदाज नव्याने बांधावा लागतो. ज्या कॉलेजकडे मॅट आहे त्याला सुरुवातीच्या सामन्यात फायदा मिळतो. मोसम लांबला तर हा फरक कमी होत जातो. पहिल्याच सामन्यात निकाल लागला तर तो कमी व्हायला वेळच मिळत नाही.

सामना पाहताना कशावर लक्ष ठेवाल?

एक चढाई ३० सेकंदांची. पुरुषांचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन डावांचा. म्हणजे दोन्ही संघ मिळून साधारण ८० चढाया होतात, एका संघाच्या वाट्याला ४० च्या आसपास. या ४० चढायांत चार गोष्टी सामना फिरवतात.

बोनस : समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस रेषेचा गुण मिळतो. नवा संघ पहिल्या दहा मिनिटांत बोनस किती देतो, यावरून त्याच्या कोपरारक्षकांची जागा चुकते का ते कळते.

तिसरी चढाई : लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. या चढाईला कर्णधार कोणाला पाठवतो ते पाहावे. संघाचा खरा विश्वास कोणावर आहे ते तिथे दिसते.

अव्वल पकड : मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर एका गुणाऐवजी दोन मिळतात. पिछाडीवरचा संघ इथूनच परत येतो.

लोण : सातही खेळाडू बाद झाले की प्रतिस्पर्ध्याला दोन जादा गुण मिळतात आणि पूर्ण संघ पुन्हा मैदानात येतो. नवख्या संघावर पहिला लोण चढल्यानंतरची पाच मिनिटे सर्वात महत्त्वाची. त्यात संघ सावरला तर सामना उरतो, नाहीतर दुसरा लोण लांब नसतो.

बाद पद्धतीत बिघडते काय?

समजा, स्पर्धेला १६ संघ आले. बाद पद्धतीत एकूण १५ सामने होतात आणि विजेता ठरतो. आयोजकांसाठी हे सुटसुटीत आहे. पण या १६ पैकी ८ संघ एकच सामना खेळून घरी जातात. निम्म्या खेळाडूंचा मोसम ४० मिनिटांचा. त्यातही १२ जणांच्या संघातले सात जण मैदानात असतात. राखीव बाकावरच्या मुलाच्या नशिबी कधी कधी एकही चढाई येत नाही.

आटपाडी जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला आहे. यजमान कॉलेज शिराळ्याकडे असेल, तर एका बाजूचा प्रवास १०० किलोमीटरहून अधिक. पहाटे निघायचे, भिवघाट ओलांडून पुढे जायचे, एक सामना खेळायचा आणि रात्री परतायचे. मुलींच्या संघांसाठी हे आणखी जड जाते. त्यांचा सामना १५-१५ मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे अर्ध्या तासाचा. त्या अर्ध्या तासासाठी घरातून दिवसभराची, कधी मुक्कामाची परवानगी मिळवायची. ‘एवढ्या लांब जाऊन खेळलीस किती?’ या घरच्या प्रश्नाला मग उत्तर उरत नाही.

निवडीच्या बाजूनेही तोटा आहे. उत्तम चढाईपटू दुबळ्या संघात असेल आणि पहिल्याच फेरीत बलाढ्य संघ समोर आला, तर तो एकदाच दिसतो. एका दिवशी, एका सामन्यात, एका प्रतिस्पर्ध्यासमोर. ड्रॉची चिठ्ठी इतकी महत्त्वाची असू नये.

इतरत्र काय होते?

कॉलेजच्या खेळावर वेडे होणारा देश म्हणजे अमेरिका. तिथे विद्यापीठांचे फुटबॉल संघ ‘कॉन्फरन्स’मध्ये, म्हणजे आपल्या विभागासारख्या गटांत खेळतात. फरक असा की एका संघाला नियमित मोसमात साधारण १२ सामने मिळतात, आठवड्याला एक. सुरुवातीच्या आठवड्यातला पराभव बोचतो, पण संपवत नाही.

याचे ठळक उदाहरण २०२४ च्या मोसमातले. नोत्र दाम विद्यापीठ सप्टेंबरच्या सुरुवातीला, आपल्या दुसऱ्याच सामन्यात, नॉर्दर्न इलिनॉय या दुय्यम समजल्या जाणाऱ्या संघाकडून १६-१४ असे हरले. तोच संघ जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात खेळत होता. तिथे त्याला ३४-२३ ने हरवणाऱ्या ओहायो स्टेटनेही त्याच मोसमात दोन सामने गमावले होते. बाद पद्धत असती तर हे दोन्ही संघ अंतिम फेरीच्या कितीतरी आधी घरी बसले असते.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. प्रो कबड्डीच्या २०२४ मधल्या ११ व्या मोसमात प्रत्येक संघाने २२ साखळी सामने खेळले. सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेल्या संघालाही एक गुण मिळत होता. हरतानाही झुंजायला कारण देणारी ही रचना आहे.

साखळीचे गणित जमते का?

अमेरिकेसारखे १२ सामने सांगली विभागाला परवडणार नाहीत, आणि तेवढ्यांची गरजही नाही. १६ संघांचे चार-चारचे चार गट करता येतात. प्रत्येक गटात ६ साखळी सामने, म्हणजे एकूण २४. चार गटविजेत्यांचे दोन उपांत्य सामने आणि एक अंतिम धरून २७. बाद पद्धतीपेक्षा १२ सामने जास्त. पण प्रत्येक संघाला किमान तीन सामने नक्की.

खरा फायदा गट भूगोलाप्रमाणे पाडण्यात आहे. आटपाडी, विटा, जत, कवठेमहांकाळ हा पूर्वेकडचा पट्टा एका गटात, इस्लामपूर-शिराळ्याकडची कॉलेजे दुसऱ्या गटात. गट सामने जवळच्या मैदानावर झाले तर बहुतेक संघ रात्री घरी परततील. एका दिवसात तीन सामने शरीराला झेपणार नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी चार सामने आणि दुसऱ्या दिवशी दोन, अशी मांडणी हवी. शेवटच्या टप्प्यासाठी लांबचा प्रवास फक्त चार संघांना करावा लागेल.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप पंचांचा. एकाच वेळी चार ठिकाणी सामने म्हणजे चार ठिकाणी पंच. यावर गट सामने वेगवेगळ्या आठवड्यांत घेता येतील, म्हणजे तेच पंच फिरतील. दुसरा आक्षेप अभ्यासाचा. सत्र परीक्षांच्या तोंडावर आणखी दिवस कुठून काढायचे? त्यासाठी शनिवार-रविवार आहेत, आणि जवळचे मैदान असल्याने प्रवासात जाणारा वेळ वाचतो. तिसरा आक्षेप खरा अवघड आहे : एखाद्या गटात तीन बलाढ्य संघ एकत्र आले तर? तेव्हा मागच्या वर्षीचे उपांत्य फेरीतले संघ वेगवेगळ्या गटांत ठेवणे हा उपाय आहे. तो पूर्ण न्याय देणार नाही, पण चिठ्ठीपेक्षा बरा.

खर्च वाढेल, हेही मान्य करायला हवे. मात्र १२ मुलांना लांब नेऊन एकाच सामन्यानंतर परत आणण्याचा खर्चही खर्चच आहे. त्यातून मिळते काय, हे कोणी मोजत नाही.

पुढे काय?

निर्णय विद्यापीठाचा क्रीडा विभाग आणि विभागातल्या महाविद्यालयांचे क्रीडा संचालक यांच्या हातात आहे. सुरुवात एकाच खेळापासून करता येईल. कबड्डी त्यासाठी सोयीची आहे : साहित्य कमी, मैदान लहान आणि प्रेक्षक तयार.

आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीचे रौप्यपदक जिंकले. त्यांची १६.३२ मीटरची ती फेक पहिल्या प्रयत्नातली नव्हती, दुसऱ्या प्रयत्नातली होती. गोळाफेकीत पहिली फेक कमी पडली म्हणून कोणाला घरी पाठवत नाहीत. त्याच तालुक्यातल्या कॉलेजच्या कबड्डीपटूलाही दुसरा सामना मिळावा, एवढीच ही मागणी आहे. तोवर ड्रॉमध्ये समोर विटा आला, तर ४० मिनिटे जपून खेळायची आणि पहिला लोण चढू द्यायचा नाही.