म्हणे म्हातारचळ!

पन्नाशी उलटलेल्या माणसाने स्पोर्ट्स कार घेतली की त्याला काय झालंय याचं निदान करायला आपल्याकडे डॉक्टर लागत नाही, शेजारी पुरतो. अलीकडे हे काम एका अर्थसल्लागार लेखकांनी अंगावर घेतलं आहे. एका रविवार पुरवणीत पानभर लेख लिहून त्यांनी अशा मंडळींना समज दिली. लेख वाचून चार-पाच जणांनी मला तो कौतुकाने पाठवला. त्या चार-पाच जणांपैकी एकाकडेही अशी गाडी नाही, हे सांगायला नकोच.

गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं. एक, हा म्हातारचळ आहे. गेलेलं तारुण्य चेक फाडून परत आणण्याची धडपड आहे. दोन, गाडी ही घटती मालमत्ता. तेच पैसे एसआयपीत टाकले तर म्हातारपण सोन्याचं होईल. तीन, आपले रस्ते या गाड्यांचे नाहीत. चार, हे नुसतं प्रदर्शन आहे. पाच, पर्यावरण. सहा, आपली संस्कृती या वयात वानप्रस्थाची वाट दाखवते, शोरूमची नव्हे. लेखाच्या शेवटी चक्रवाढ व्याजाचा तक्ता आहे. तो त्यांच्या प्रत्येक लेखाच्या शेवटी असतो.

आधी म्हातारचळाचं पाहू. मध्यमवयातल्या मानसिक पेचाची कल्पना एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने 1965 साली एका निबंधात मांडली. तो निबंध चित्रकार, संगीतकार, कवी यांच्याविषयी आहे. त्यातला पेच पस्तिशीच्या आसपास येतो आणि त्याच्या मुळाशी आपण कधीतरी मरणार ही जाणीव असते. मोटारगाडीशी त्याचं काही देणंघेणं नाही. आमच्या गृहस्थांनी मात्र मृत्यूचं भय काढून तिथे शोरूम बसवलं आणि पस्तिशीची पन्नाशी केली. बाकी सिद्धान्त जसाच्या तसा.

मानसशास्त्र राहू द्या, साधी तारखांची गोष्ट घ्या. 1970 साली जन्मलेल्या मराठी मुलाने विशीत, म्हणजे 1990 साली, कोणती स्पोर्ट्स कार घ्यायला हवी होती? कुर्ल्याची पद्मिनी? उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसॅडर? त्याच्या वडिलांनी चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावला होता. तो स्वतः लहानपणी त्याच चेतकवर पुढे उभा राहून शाळेत गेला. लॅम्बोर्गिनी काऊंटाश त्याने भिंतीवरच्या पोस्टरात पाहिली, तीही मित्राच्या भिंतीवर. एप्रिल 2001 मध्ये आयातीवरचे उरलेसुरले परिमाणात्मक निर्बंध उठले तेव्हा तो तिशीत होता आणि वन बीएचकेचा हप्ता भरत होता. पुढची वीस वर्षं घराचं कर्ज, मुलांच्या फिया आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन यांत गेली. सगळं निस्तरून चार पैसे हाताशी उरले तोवर पन्नाशी मागे पडली होती. हा माणूस तारुण्य परत आणतो आहे म्हणे! अहो, परत आणायला ते आधी त्या गाडीत गेलेलं असावं लागतं. तो फक्त देशाच्या आयात धोरणानंतर आणि स्वतःच्या जबाबदाऱ्यांनंतर रांगेत उभा होता. आता त्याचा नंबर आला.

बरं, या गाड्या काढल्या कोणी, विशीतल्या पोरांनी? स्वतःच्या नावाची पहिली गाडी 1947 साली रस्त्यावर आणली तेव्हा एन्झो फेरारी एकोणपन्नास वर्षांचे होते. ट्रॅक्टर बनवणारे फेरुच्चो लॅम्बोर्गिनी 1963 साली सत्तेचाळिसाव्या वर्षी या धंद्यात उतरले. त्याच साली सोइचिरो होंडांच्या कंपनीने एस 500 ही चिमुकली स्पोर्ट्स कार विकायला काढली तेव्हा होंडा छप्पन वर्षांचे होते. 1953 ची पहिली कॉर्व्हेट ज्यांच्या डोक्यातून निघाली ते हार्ले अर्ल एकोणसाठ वर्षांचे. या सगळ्यांना गृहस्थांनी वेळीच एसआयपी सुचवली असती तर केवढा अनर्थ टळला असता!

वानप्रस्थाबद्दल एवढंच म्हणतो, की जुना वानप्रस्थ घेणारा घर मुलाच्या हवाली करून निघायचा. गृहस्थ तीन फ्लॅटांचं भाडं वसूल करत त्याचा उपदेश करतात. आणि आपल्या संस्कृतीला मोटारीचं कौतुक नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी कोल्हापूरचा दसरा पाहावा. छत्रपतींची मेबॅक चौकात येते तेव्हा गर्दीतली किती माणसं माना उंचावतात ते मोजावं.

प्रदर्शनाचं म्हणाल तर नवी गाडी बाहेरून तयार आणणारा हा इसम सीमाशुल्क, जीएसटी आणि महाराष्ट्रातला 20 टक्के रस्ता कर मिळून गाडीच्या मूळ किमतीहून जास्त रक्कम सरकारजमा करतो. इतकं देशोपयोगी प्रदर्शन दुसरं कुठलं असेल तर कळवावं.

पर्यावरणाचा मुद्दा मोठा आहे. तो रोज एकट्या माणसाला हिंजवडीला नेणाऱ्या सात आसनी एसयूव्हीपासून सुरू करू, मग रविवारी पहाटे निघणाऱ्या दोन आसनी गाडीकडे येऊ.

रस्त्यांचं खरं आहे, पण दोष चुकीच्या दारात टाकला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, म्हणजे गाडी त्यावरून अलगद चढून उतरावी. आमच्या गल्लीत जो डांबराचा उंचवटा आहे तो कोणत्या मानकातला हे तो घालणाऱ्यालाही ठाऊक नसेल. त्यावर रिक्षा आपटते, गर्भार बाई कळवळते. तरी गृहस्थांचा निष्कर्ष असा की गतिरोधक बरोबर, गाडी चूक.

आता पैशाकडे वळतो, कारण गृहस्थांचा खरा जीव तिथे अडकला आहे.

गाडी ही घटती मालमत्ता आहे. मान्य. शोरूमच्या दारातून बाहेर पडली की किंमत उतरते. मान्य. मग? मार्चच्या पहिल्या आठवड्यात देवगड हापूसची पेटी आणणाऱ्याला कोणी विचारतं का, की मे महिन्यात तिची पुनर्विक्री किंमत काय राहील? काही वस्तू वापरून संपवण्यासाठीच घेतात. पण या तर्काची धार गृहस्थ नेमकी एकाच खर्चावर चालवतात.

मुलीचं लग्न घ्या. दोन दिवसांचं कार्यालय, अठरा पदार्थांचं ताट, संगीत, हळद, ड्रोन, आणि ज्यांची नावंही यजमानाला आठवत नाहीत अशा हजारभर माणसांची पंगत. ही मालमत्ता अठ्ठेचाळीस तासांत शून्यावर येते. त्याबद्दल त्यांचा लेख नाही, कारण ते स्वतः त्या पंगतीत असतात. गंमत म्हणजे याच लग्नाच्या प्री-वेडिंग शूटला एक उघडी लाल गाडी तासाच्या भाड्याने आणतात. जावई तिच्या बॉनेटला टेकून उभा राहतो आणि ते छायाचित्र कौतुकाने भिंतीवर लागतं. तीच गाडी सासऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतली की चळ!

दुसरा फ्लॅट घ्या. तळेगावात नाहीतर बदलापुरात, गुंतवणूक म्हणून घेतलेला. त्यात कोणी राहत नाही. मेंटेनन्स दर महिन्याला जातो, पावसाळ्यात भिंतीला ओल येते, दिवाळीआधी मालक जाऊन जळमटं काढतो. वीस वर्षांत त्या घरात कोणी चहाही केलेला नसतो. त्याला दूरदृष्टी म्हणतात. लॉकरमधल्या दागिन्यांचंही तेच. घडणावळ भरून घडवायचे आणि वर्षातून एकदा मोजून परत ठेवायचे. युरोपच्या सहलीत सात देश अकरा दिवसांत बसच्या खिडकीतून उरकायचे. तिथून आणलेला चुंबक फ्रिजवर चिकटतो, त्याची पुनर्विक्री किंमत गृहस्थांनी काढली असल्यास मला माहीत नाही.

म्हणजे आक्षेप खर्चावर नाहीच. चारचौघांच्या साक्षीने, चारचौघांसारखा झालेला कितीही मोठा खर्च आपल्याला चालतो. एकट्याने, स्वतःच्या आनंदासाठी केलेला खर्च चालत नाही. याचा पुरावा गोव्यात आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथे सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या बॉडीची गाडी निघाली. रेनोचं 1149 सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम 60 अश्वशक्ती. परदेशी गाड्यांच्या मानाने स्वस्त. तेव्हा या काटकसरी पंथाने तिचं स्वागत केलं का? छे! एवढ्या पैशांत पाच माणसं बसतील अशी गाडी येते, डिकीत गॅसचा सिलिंडरही मावतो, असं म्हणून तीही मोडीत काढली. महाग असली तर उधळपट्टी, स्वस्त असली तर निरुपयोगी.

हा सूर माझ्या कानाला जुना आहे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली तेव्हा एका ज्येष्ठांशी मी वाद घातला होता. मध्यमवर्गाला गाडीची गरजच काय, हा त्यांचा सवाल. पुढे त्यांनी लागोपाठ तीन घेतल्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व्हायचा होता तेव्हा, एवढी घाई कोणाला आहे, असं विचारणारेही भेटले. आज खंडाळ्यात वाहतूक अडली की सर्वांत आधी तेच हॉर्न वाजवतात. एका लाडक्या फलंदाजाला इटालियन गाडी भेट मिळाली तेव्हा सीमाशुल्काच्या माफीवरून वाद झाला. तो वाद रास्तच होता, करमाफीचं काही कारण नव्हतं. पण आमच्या कट्ट्यावर तो दोन दिवसांत कर सोडून, असली गाडी हवीच कशाला, या मूळपदावर आला. असो.

राहिला तक्ता. गाडीचे पैसे पंचवीस वर्षं गुंतवले तर किती कोटी होतात ते त्यात दिलं आहे. पंचाहत्तराव्या वर्षी त्या कोटींचं काय करायचं, हा रकाना नाही. जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या आसनात शिरायला गुडघे लागतात, क्लच दाबायला पाय लागतो, अंधारात वळण ओळखायला डोळे लागतात. यांतल्या कशावरही चक्रवाढ व्याज मिळत नाही. कर्ज काढून किंवा मुलांच्या शिक्षणाचे पैसे वळवून गाडी आणणाऱ्याची वकिली मी करत नाही. पण त्याला आणि सगळी देणी फेडून मोकळ्या झालेल्याला एकाच तराजूत घालणं हे हिशेबनिसाला शोभत नाही.

मग या गाडीत आहे तरी काय? चालवणं आहे. मागच्या चाकांना ताकद, वजन कमी, गुरुत्वमध्य खाली आणि गिअर हाताने टाकायचा. 1989 साली मझ्दाने एमएक्स-5 बाजारात आणली ती याच सूत्रावर. इंजिन अवघं 1.6 लिटरचं, तरी 2016 पर्यंत दहा लाखांवर गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे ती कधी विकायला आलीच नाही. मजा वेगात नसते. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात सकाळी सहा वाजता, नियमात राहून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वळणामागून वळण नीट घेताना डोकं रिकामं होतं. ज्याला वेगच हवा त्याने कोइम्बतूरच्या ट्रॅकवर जावं. या वयात ते जमतं का, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो: अभिनेते पॉल न्यूमन शर्यतीत उतरले तेच चाळिशीनंतर, आणि 1979 साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांचा संघ दुसरा आला तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. विशीत हातात असा घोडा दिला असता तर आपल्यातल्या कित्येकांनी तो झाडावर घातला असता. लगाम कधी खेचायचा हे पन्नाशीत कळतं.

तेव्हा देणी फिटली असतील, गुडघे शाबूत असतील आणि इच्छा अजून जागी असेल, तर गाडी घ्यावी. शेजाऱ्यांना खुलासा देऊ नये. गृहस्थांनी त्यांची लेखणी आता लग्नांच्या अठरा पदार्थांकडे वळवावी. तक्त्यासकट लेख छापून आला तर अभिनंदनाचं पहिलं पत्र माझं असेल.