मोठ्या चाकांचा मोठेपणा

पिकअप गाडीला कारखान्याने दिलेली चाके उतरवून त्यांच्या जागी अधिक मोठी चाके चढविली की गाडीचे सामर्थ्य वाढते, असा जो समज अमेरिकेत गेली चाळीस-पन्नास वर्षे रुजला आणि आता पुण्या-नाशकाकडील हौशी मालकांच्या मनातही घर करून बसला आहे, त्याची एकदा यथासांग परीक्षा झाली पाहिजे. पूर्वपक्ष त्याच्याच शब्दांत मांडावा हा वादाचा जुना शिष्टाचार आहे. तो पाळून सांगायचे तर या मंडळींचे म्हणणे असे की, मोठ्या चाकांनी गाडी जमिनीपासून उंच उठते व दगडधोंडे तिच्या पोटाला लागत नाहीत. रुंद टायरची पकड जास्त, म्हणून ती चिखलात रुतत नाही. ओझे अधिक पेलते. आणि हे सारे क्षणभर बाजूस ठेवले तरी गाडी रुबाबदार दिसते. याच्या अगदी उलट टोकाला दुसरा एक पक्ष उभा आहे, ज्याच्या लेखी कंपनीने दिलेले चाक म्हणजे श्रुतिवचन असून त्यात मिलिमीटरचाही फेरफार करणे हे पातक आहे. आम्हांस दोन्ही पक्ष अमान्य आहेत. परंतु पहिल्याचा समाचार अधिक विस्ताराने घेणे भाग आहे, कारण त्याच्यापाशी उत्साह आहे, पैसा आहे, आणि हिशेब तेवढा नाही.

हिशेब टायरवरच छापलेला असतो, तो वाचण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाही. टोयोटाची हायलक्स भारतात आली तेव्हा तिच्या साध्या प्रकाराला १७ इंची रिमवर २६५/६५ मापाचे टायर होते आणि महागड्या प्रकाराला १८ इंची रिमवर २६५/६० मापाचे. यांतला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो; दुसरा सांगतो की रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतची टायरची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के आहे. गुणाकार केला तर साध्या प्रकाराची भिंत १७२ मिलिमीटर भरते व महागड्याची १५९. आणि जमिनीपासून माथ्यापर्यंत संपूर्ण चाक मोजले तर पहिले ७७६ मिलिमीटर, दुसरे ७७५. म्हणजे ज्याने जास्त पैसे मोजून एक इंच मोठे चाक घेतले, त्याची गाडी तसूभरही उंच झाली नाही. वाढले ते धातूचे कडे आणि घटली ती हवा. एवढ्यावर समाधान न मानता जो मालक पुढे बाजारात जाऊन २० इंची अलॉय आणि २६५/५० मापाचे टायर घेऊन येतो, त्याच्या वाट्याला १३२ मिलिमीटरची भिंत येते आणि चाकाची एकूण उंची ७७३ मिलिमीटरच राहते. पलंगाचे पाय उंच करण्यासाठी गादीतला कापूस काढून घ्यावा, आणि शेवटी पलंगही उंच होऊ नये, असा हा व्यवहार आहे. पावसाळ्यातल्या आपल्या रस्त्यांवर पाण्याखाली दडलेल्या खड्ड्याची धारदार कड प्रथम झेलते ती ही हवेची भिंत. ती पातळ केली की तो आघात रिमवर जातो, रिमवरून कमानपाट्यांवर आणि तेथून आत बसलेल्यांच्या कण्यावर.

न्यायबुद्धीने हेही नोंदविले पाहिजे की रिम मोठ्या होण्यामागे सगळाच दिखाऊपणा नाही. ब्रेकच्या चकत्या मोठ्या झाल्या तेव्हा त्यांना सामावून घेण्यास रिमही मोठी लागली, हे कारण सबळ आहे. तथापि अमेरिकेत ज्या फोर्ड एफ-१५० ला १९८० च्या दशकात १५ इंची रिम पुरत होती, तिच्याच उंची प्रकारांना आज २२ इंची रिम मिळते, ही सात इंचांची बढती केवळ ब्रेकच्या चकतीने मागितलेली नाही. तिच्यातला बराच भाग विक्रीदालनातील आरशाने मागितलेला आहे.

आता जो खरोखरच चाकाची एकूण उंची वाढवितो, त्याच्याकडे वळू. कारण तो फसलेला नसून त्याने सौदा केलेला असतो, आणि सौद्याच्या दोन्ही बाजू पाहणे हे टीकाकाराचे काम आहे. त्याच १७ इंची रिमवर २८५/७० मापाचे टायर चढविले, तर चाक ७७६ चे ८३१ मिलिमीटर होते. परंतु वाढलेल्या ५५ मिलिमीटरांपैकी अर्धे धुऱ्याच्या वर जातात, अर्धे खाली. म्हणून डिफरेन्शियलची घागर जमिनीपासून उचलली जाते ती अवघी २७ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक इंच. या एका इंचाची किंमत काय? चाकाचा परिघ सात टक्क्यांनी वाढला, तेव्हा प्रत्येक गिअर सात टक्क्यांनी जड झाला आणि टायर रस्त्याला मागे रेटतो ते बल सुमारे साडेसहा टक्क्यांनी उणावले. ज्या चाकांनी सामर्थ्य वाढते अशी ख्याती, त्यांनी पहिल्याच दिवशी सामर्थ्यातला हिस्सा कापून घेतला! २.८ लिटरच्या दणकट डिझेल इंजिनाला सपाट रस्त्यावर ही कपात जाणवत नाही, म्हणून मालकाचा भ्रम शाबूत राहतो. पण ब्रेकला असला उदारपणा परवडत नाही. चकती तीच, पायाचा दाब तोच आणि टायरची कड मात्र मध्यापासून दूर गेलेली, त्यामुळे तेवढ्याच दाबाने रस्त्यावर उमटणारे रोधक बलही त्याच प्रमाणात घटते. भरल्या हौद्यानिशी आंबेनळीचा घाट उतरणाऱ्याने याचा विचार पायथ्याशी पोचल्यावर करून उपयोग नाही.

शिवाय वजनाचा प्रश्न आहे. असा मोठा, जाड पडद्याचा टायर मूळच्यापेक्षा पाच-सात किलोंनी सहज जड भरतो, आणि हे वजन हौद्यातल्या वजनासारखे गप्प बसणारे नसते. चाकाच्या कडेला असलेल्या किलोभर वजनाला पुढे तर न्यावे लागतेच, वर फिरवावेही लागते, म्हणून गाडीला वेग देताना ते जवळजवळ दोन किलोंइतके काम मागते. त्यातच टायर मडगार्डला घासू नये म्हणून रिम आणि हब यांच्यामध्ये स्पेसर घालून चाक बाहेर ढकलले, की बेअरिंगवर व बॉल जॉइंटवर पडणारी तरफ लांबते, खड्ड्यात गेलेले चाक स्टिअरिंगला हिसका देऊ लागते आणि मडगार्डच्या बाहेर आलेला टायर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर चिखलाचा अभिषेक करतो.

वेगमापकाचीही अशीच कैफियत आहे. तो चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. तेव्हा काटा १०० दाखवीत असता गाडी पूर्वीपेक्षा सात टक्के अधिक वेगाने धावत असते, आणि ज्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटाबाहेर हलक्या वाहनांना १०० ची मर्यादा आहे व कॅमेरे टांगलेले आहेत, तेथे हा फरक कागदी राहत नाही. कारखान्याचा वेगमापक मुळात थोडा वेग वाढवूनच सांगतो, त्यामुळे या चुकीतला काही भाग वजा होतो, हे प्रतिपक्षाला आम्ही खुशीने बहाल करतो. आणखी एक गोष्टही बहाल करू: मोठ्या चाकांनी डिझेलचा खप भरमसाट वाढल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या काही निव्वळ अंकगणिती असतात, कारण १०७ किलोमीटर चाललेली गाडी १०० च नोंदविते आणि भागाकार करणारा मालक विनाकारण हळहळतो. मात्र हाच न्याय जुनी गाडी विकत घेणाऱ्यालाही लागू आहे. मीटरवरच्या आकड्यापेक्षा ती अधिक फिरलेली असते, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

ओझ्याविषयीचा समज तर सर्वांत घातक. टायरवर ११२ हा भारांक असेल तर तो ११२० किलो पेलतो, ११६ असेल तर १२५०. एवढे पाहून बाजार समितीत कांदा वाहणारा पिकअपवालाही मनाशी हिशेब करतो की टायर बदलले म्हणजे प्रत्येक चाकामागे शे-सव्वाशे किलो फुकटात मिळाले. परंतु भार पेलणाऱ्या साखळीत टायर ही एकच कडी आहे. बेअरिंग, अॅक्सल, पाटे, चॅसी आणि ब्रेक यांच्यापैकी कोणीही त्या नव्या टायरसोबत बढती घेतलेली नसते, आणि परवान्यातील वजन या सर्वांतल्या दुर्बळ कडीवरून ठरते.

या साखळीचे ज्ञान कोणाला होते म्हणाल, तर ज्याला या वेडाचा आद्यपुरुष मानतात त्या मिसूरीच्या बॉब चँडलरला. आपल्या १९७४ सालच्या फोर्ड एफ-२५० गाडीला तो मोठमोठी चाके लावीत गेला, आणि १९८१ च्या सुमारास जुन्या मोटारी त्या चाकांखाली चिरडून त्याने ‘बिगफूट’ हे नाव अमेरिकाभर केले. पुढे सहासष्ट इंची टायर आले; लष्कराच्या जुन्या, रुळांविना जमिनीवरून चालणाऱ्या आगगाडीवजा वाहनाचे दहा फुटी टायर लावलेली बिगफूटही निघाली. पण टायर वाढला की अॅक्सल मोडतो हे त्याला अनुभवाने कळले होते, म्हणून लष्करी मालट्रकांचे अॅक्सल आणून त्याने गाडीच्या बुडापासून फेररचना केली. अनुकरण करणाऱ्यांनी त्याचे टायर तेवढे घेतले.

एवढे खंडन झाल्यावर दुसरा पक्ष विजयमुद्रेने पुढे येईल. त्याला तेथेच थांबविणे जरूर आहे. कारखाना जे चाक देतो ते सर्व देश, सर्व ऋतू व सर्व खरेदीदार यांच्यात केलेली तडजोड असते, आणि तडजोडीला धर्माज्ञेचा मान देण्याचे कारण नाही. हायलक्सचेच उदाहरण पुन्हा घेऊ. आइसलंडात १९९० साली टोयोटाच्या तेथील विक्रेत्याचा एक विभाग म्हणून सुरू झालेली ‘आर्क्टिक ट्रक्स’ ही संस्था याच गाडीला ३८ इंची टायर चढविते, आणि असल्या गाड्या २००७ साली कॅनडाच्या उत्तरेकडील गोठलेल्या समुद्रावरून उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या १९९६ मधील स्थानापर्यंत जाऊन आल्या. आता यातील मर्म पाहा. त्या ३८ इंची टायरच्या पोटात रिम आहे ती १५ इंची, म्हणजे आपल्याकडील साध्या हायलक्सपेक्षाही दोन इंचांनी लहान! उरलेले सारे हवेचे. भिंत साडेअकरा इंचांची, सुमारे २९२ मिलिमीटर. एका चाकावर ६०० किलो भार धरला आणि टायरच्या भिंतीचा ताठरपणा हिशेबातून वगळला, तर ३० पौंड हवेला तो भार तोलण्यासाठी सुमारे २८५ चौरस सेंटिमीटर जमीन पुरते. तीच हवा ४ पौंडांवर उतरविली की एकवीसशेहून अधिक चौरस सेंटिमीटर जमीन टायरखाली येते. भुसभुशीत बर्फावर दोन टनांची गाडी तरंगते ती या पसरलेल्या पावलामुळे, आणि हवा इतकी उतरवूनही रिम जमिनीला टेकत नाही ती त्या उंच भिंतीमुळे. शिवाय तेथे मडगार्ड कापून रुंद केले जातात, डिफरेन्शियलचे दाते बदलले जातात, वेगमापक नव्या परिघाशी जुळवून घेतला जातो, आणि बदललेल्या गाडीची रीतसर तपासणी होऊन तशी नोंद होते.

म्हणून आमचा पक्ष असा: चाक मोठे करावयाचे तर हवा मोठी करावी, आणि त्यासाठी प्रसंगी रिम लहान करण्याची तयारी ठेवावी, अर्थात ब्रेकच्या चकतीला जागा उरत असेल तेथवर. ज्याला सह्याद्रीतल्या खडकाळ वाटा खरोखरच तुडवायच्या आहेत, त्याने १८ इंचीवरून १७ इंचीवर उतरावे. त्याला तेरा मिलिमीटर अधिक हवा मिळते आणि उंची, वेगमापक, गिअर यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. वाळूत वा सैल मुरमात रुतणाऱ्याने नवे टायर घेण्याआधी आहेत त्यांचीच हवा निम्म्यावर आणून पाहावी, व सडकेवर परतताच पुन्हा भरावी. काळ्या मातीच्या चिखलात मात्र रुंदीचा भरवसा धरू नये. ती माती टायरच्या नक्षीत एकदा गच्च बसली की रुंद काय आणि अरुंद काय, दोन्ही टायर गुळगुळीतच.

कायद्याची बाजूही याच न्यायाने तोलली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाने उत्पादकाने निर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्राचा मेळ राहणार नाही असा फेरफार करण्यास मनाई केली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कठोरपणेच लावला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमात बेकायदा फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. मालवाहू पिकअपच्या बाबतीत तर टायरांची संख्या व माप ही नोंदणीच्या दस्तऐवजातच येतात, म्हणून पासिंगच्या वेळी किंवा अपघातानंतर विमा कंपनीपुढे ‘फक्त टायरच बदलले’ ही मखलाशी टिकत नाही. या कठोरपणाबद्दल आमची तक्रार नाही. रस्ता सर्वांचा आहे. तक्रार आहे ती एवढीच की विचारपूर्वक केलेला फेरफार तपासून त्याला सनद देण्याची वाट आपल्याकडे आइसलंडाइतकी मोकळी असावयास हवी होती.

राहता राहिला रुबाब. शोभा हे प्रयोजन आम्ही हलके मानीत नाही. बैलांची शिंगे रंगविणाऱ्या मुलखात ते कोणी मानूही नये. मात्र शोभेने उपयुक्ततेच्या नावाने वसुली करू नये, आणि स्टेपनीच्या प्रश्नाला उत्तर द्यावे. पिकअपची स्टेपनी हौद्याखाली साखळीने टांगलेली असते, आणि मोठा टायर त्या जागेत बहुधा मावत नाही. मालक मग जुनीच स्टेपनी तेथे ठेवतो व पंक्चर झाल्यावर एका अंगाला ८३१ मिलिमीटरचे आणि दुसऱ्या अंगाला ७७६ चे चाक अशा स्थितीत डिफरेन्शियलला अखंड दळण दळायला लावतो; नाहीतर नवी स्टेपनी हौद्यात टाकून ज्या जागेसाठी पिकअप घेतली तीच अडवून बसतो. दुकानात चार चाकांचा दर ठरविणाऱ्याने पाचव्याचाही तेथेच ठरवावा, आणि ते कोठे बांधणार हे पैसे देण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहून घ्यावे.