फळ, क्षेत्र आणि सहा आठवडे

पीच या फळाला मराठीत घरगुती नाव नाही. हिंदीतला 'आडू' आपल्या मंडईत कधी रुळला नाही, आणि आता तर 'पीच' हेच नाव कायमचे होऊन बसले आहे. ज्या फळाला घरचे नाव नसते त्याच्याभोवती घरची रूपकेही नसतात. आंबा म्हटला की मोहोर, कैरी, पाड, अढी, कोय असा शब्दांचा सारा संसार उभा राहतो, आणि त्याच शब्दांतून बाईच्या देहाविषयी बोलण्याची एक भाषाही घडत जाते. पीचच्या बाबतीत आपण या भाषेपासून मोकळे असतो. २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात हा मोकळेपणा आम्हांला काही दिवस मिळाला.

आम्ही दोघी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकीची बहीण अटलांटाच्या उपनगरात राहते, आणि आपली सुट्टी व तिथल्या पीचचा हंगाम मेच्या मध्याला एकमेकांना गाठतात. शनिवारी सकाळी भरणारा शेतकऱ्यांचा बाजार हा आमचा तिथला आवडता कार्यक्रम होता. जॉर्जिया स्वतःला 'पीच स्टेट' म्हणवते, मोटारींच्या पाट्यांवर पीचचे चित्र मिरवते. प्रत्यक्षात कॅलिफोर्निया आणि शेजारचे साउथ कॅरोलायना तिच्यापेक्षा जास्त पीच पिकवतात. (राज्यांचीही बिरुदे असतात, आणि ती आपल्याकडच्या साहित्यिक बिरुदांइतकीच भरवशाची असतात.) २०२३ साली तर उबदार हिवाळा आणि उशिरा पडलेले हिव यांमुळे तिथले नव्वद टक्क्यांहून अधिक पीक गेले होते.

हंगामाच्या सुरुवातीचे पीच कोयीला घट्ट चिकटलेले असतात. जूनच्या पुढे सुटी कोय असलेल्या जाती येतात. चिकट कोयीचे फळ कापायला गेले की त्याचा लगदा होतो, म्हणून तिथल्या गृहिणी ते टाळतात. आमच्यापैकी सावंतवाडीच्या एकीला मात्र ते पाहताच रायवळ आंबा आठवला. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून साल काढायची, फळ कोयीसकट अख्खे ठेवायचे, आणि ओले खोबरे, सुकी मिरची, मोहरी वाटून गुळासह त्याचे सासव करायचे. पीचचे सासव उत्तम होते. फक्त ते आंब्यापेक्षा लवकर शिजते आणि आंबटपणाचा भरवसा नसतो; एका टोपलीतली दोन फळे सारखी नसतात. गूळ किती, हे चाखल्याशिवाय सांगता येत नाही. त्यासाठी आम्ही नेहमी डागी फळे घेत असू. ती अर्ध्या किमतीत मिळतात आणि चवीला उजवी असतात.

बाजारातला एक म्हातारा बागाईतदार बोलका होता. एप्रिलमध्ये फळे अंगठ्याएवढी झाली की हाताने विरळणी करावी लागते, दोन फळांत वीतभर अंतर राहील इतकी हिरवी फळे खुडून टाकावी लागतात, नाहीतर फांदी मोडते आणि उरलेले फळही धड होत नाही, असे त्याने सांगितले. आम्हांला आंब्याचा मोहोर आठवला. त्यातला किती थोडा भाग कैरीपर्यंत पोचतो हे कोकणात वेगळे शिकवावे लागत नाही. पण ही तुलना आम्ही इथेच थांबवतो. गर्भ म्हणजे पीच नव्हे, आणि विरळणीवरून गर्भपाताचे समर्थन करणे म्हणजे ज्या रूपकाविरुद्ध हा लेख आहे त्याच रूपकाच्या आहारी जाणे होईल.

ते रूपक आपल्याला परके नाही. ऋतुमती ती 'पुष्पवती'. विवाहोत्तर गर्भाधानाचा विधी तो 'फलशोभन'. सवाष्णीची ओटी भरायची ती नारळाने आणि फळांनी. आणि मूल न होणारी बाई व फळ न धरणारे झाड या दोघींना शब्द एकच. इंग्रजीतही जुन्या वैद्यकात विटाळाला 'फुले' म्हणत, आणि बायबलात मूल हे उदराचे फळ आहे. या रूपकाच्या मुळाशी मनुस्मृतीतला बीज-क्षेत्राचा विचार आहे: पुरुष बीज देतो, स्त्री ही जमीन, आणि पिकावर हक्क क्षेत्राच्या धन्याचा. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या बीज आणि धरतीविषयीच्या निबंधात हे प्रतीक निरुपद्रवी अलंकार नसून स्त्रीचा अपत्यावरचा, संपत्तीवरचा आणि स्वतःवरचा हक्क काढून घेणारी व्यवस्था आहे, हे दाखवून दिले. आपल्या पदव्युत्तर वर्गात तो निबंध फारसा वाचला जात नाही. वाचला जावा.

जमिनीला कोणी विचारत नाही. जॉर्जियाचा २०१९ चा कायदा वाचताना आम्हांला हेच जाणवत होते. गर्भात हृदयाची हालचाल टिपता येऊ लागली की, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यापासून, काही अपवाद वगळता तो गर्भपाताला बंदी घालतो. बलात्कारातून वा निषिद्ध नात्यातून राहिलेल्या गर्भासाठी अपवाद आहे, पण विसाव्या आठवड्यापर्यंत आणि पोलिसांत तक्रार दिलेली असेल तरच. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'डॉब्स' खटल्यात १९७३ चा 'रो' निकाल रद्द केला आणि महिन्याच्या आत हा कायदा लागू झाला. २०२४ च्या सप्टेंबरअखेर एका न्यायाधीशाने तो घटनाबाह्य ठरवला. आठवडाभरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा सुरू केला.

भाषेच्या शिक्षकांनी इथे दोन शब्दांपाशी थांबायला हवे. पहिला 'हृदयाचा ठोका'. सहाव्या आठवड्यात हृदय नावाचा पूर्ण घडलेला अवयव नसतो. पेशींची लयबद्ध हालचाल असते, आणि आपल्याला ऐकू येणारा 'ठोका' यंत्राने तयार केलेला असतो. पण शब्द 'हृदय' निवडला की पुढचा वाद करुणेच्या प्रदेशात जातो आणि विरोध करणारा आपोआप निर्दय ठरतो. दुसरा शब्द 'सहा आठवडे'. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात; म्हणजे त्यांतले पहिले दोन गर्भ राहण्यापूर्वीचेच असतात. पाळी चुकल्याचे कळायला चार जातात. उरतात दोन, तेही पाळी नियमित असेल तर. एवढ्यात चाचणी करायची, निर्णय घ्यायचा, रजा आणि पैसा उभा करायचा. आकडा सहाचा दिसतो, पण बाईच्या हातात त्यातले पंधरवडाभरही क्वचितच येतात.

हाच कायदा गर्भाला 'व्यक्ती' मानतो. त्यानुसार तिथल्या महसूल खात्याने २०२२ पासून असा गर्भ प्राप्तिकरात अवलंबित म्हणून दाखवून तीन हजार डॉलरची वजावट घेण्याची मुभा दिली. यावर आम्ही पहिल्यांदा हसलो. नंतर, आम्ही तिथे असतानाच, मे २०२५ मध्ये एड्रियाना स्मिथ यांची बातमी आली. त्या तीस वर्षांच्या परिचारिका होत्या. फेब्रुवारीत, नऊ आठवड्यांच्या गरोदर असताना, त्या मेंदूमृत घोषित झाल्या. गर्भपातविरोधी कायद्यामुळे यंत्रे बंद करता येणार नाहीत असे रुग्णालयाने सांगितल्याचे कुटुंबाचे म्हणणे होते. राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने कायद्याचा तसा अर्थ होत नाही असा खुलासा केला, पण यंत्रे चालूच राहिली. १३ जूनला शस्त्रक्रियेने अत्यंत कमी वजनाचे मूल जन्माला आले आणि काही दिवसांनी यंत्रे काढली गेली. त्यांच्या आईचे म्हणणे एवढेच होते की हा निर्णय आमच्याकडे असायला हवा होता. शरीर क्षेत्र झाले की माणूस गेल्यावरही त्यात पीक उभे राहू शकते. रूपक इतके शब्दशः खरे झालेले आम्ही पाहिले नव्हते.

अंबर थर्मन यांचा मृत्यू ऑगस्ट २०२२ मधला, कायदा लागू झाल्यानंतर काही आठवड्यांतला. वय अठ्ठावीस, पदरी सहा वर्षांचा मुलगा. सहा आठवडे उलटल्यामुळे त्यांना नॉर्थ कॅरोलायनाला जावे लागले. तिथून आणलेल्या गोळ्यांनंतर गर्भाशयात अवशेष राहिले आणि जंतुसंसर्ग झाला. अशा वेळी गर्भाशय साफ करण्याची नेहमीची छोटी शस्त्रक्रिया करतात. अटलांटाजवळच्या रुग्णालयात ती व्हायला सुमारे वीस तास गेले. हा मृत्यू टळू शकला असता असा निष्कर्ष राज्याच्याच मातामृत्यू परीक्षण समितीने काढला. ही माहिती सप्टेंबर २०२४ मध्ये वृत्तसंस्थेकडून बाहेर आली; नोव्हेंबरात राज्याने, माहिती फुटली म्हणून, समितीतल्या सर्व सदस्यांना काढून टाकले.

ते वीस तास आम्हांला अस्वस्थ करतात. वैद्यकातही स्वयंपाकाप्रमाणे पुष्कळसे काम अंदाजावर चालते. हा शब्द आपण अदमास या हलक्या अर्थी वापरतो, पण सरावलेल्या हाताचा अंदाज म्हणजे पुष्कळ पाहून, चाखून, चुकून आलेले ज्ञान असते. ताप किती चढला, रक्तदाब कसा उतरतो आहे, आता थांबायचे की नाही, हे डॉक्टर रुग्णाकडे पाहून ठरवतो. कायदा मध्ये आला की तो आधी वकिलाकडे पाहतो. 'वैद्यकीय आणीबाणी' हा अपवाद कायद्यात आहे, मान्य. पण आणीबाणी किती झाली म्हणजे पुरेशी, हे चुकले तर तुरुंगाची भीती असणाऱ्याला तो शब्द दिलासा देत नाही.

'डॉब्स' निकालाने गर्भपाताचा हक्क अमेरिकेच्या इतिहासात आणि परंपरेत रुजलेला नाही असे म्हटले. परंपरा म्हणजे न्यायालयांचे जुने दप्तर एवढाच अर्थ घेतला तर तसे म्हणता येईल. १७४८ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांनी घरोघरी उपयोगी पडावे असे एक पुस्तक छापले. त्यात अंकगणित होते, पत्रलेखनाचे नमुने होते, आणि 'अडलेली' पाळी मोकळी करण्याचा वनस्पतींचा काढाही होता. आपल्याकडे गरोदर सुनेला पपई देऊ नये हा सल्ला प्रत्येक सासू देते. ती पपई वैद्यकदृष्ट्या कितपत परिणामकारक हा प्रश्न वेगळा, पण त्या सल्ल्याची दुसरी बाजू ठाऊक असलेल्या बायकाही त्याच स्वयंपाकघरात होत्या. ही परंपरा निकालपत्रांत सापडत नाही, कारण ती लिहिणारे स्वयंपाकघरात नव्हते.

इथे मराठी वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घ्यायलाच हवा. आपल्याकडे गर्भपात म्हटले की मुलगी नको म्हणून केलेला गर्भपात आठवतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, तो या लाजेतूनच. पण तिथेही बाई क्षेत्रच होती, आणि पीक कोणते हवे हे दुसरेच ठरवत होते. एकीकडे तिला गर्भ पाडायला लावणे, दुसरीकडे वाढवायला लावणे, यांत विरोध दिसतो तेवढा नाही. दोन्हींत तिचे मत कोणी घेत नाही. आपला १९७१ चा कायदाही निर्दोष नाही. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांसाठी मुदत चोवीस आठवड्यांवर नेली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, 'डॉब्स'नंतर तीनच महिन्यांनी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही त्यात सामावून घेतले. तरी शेवटचा शब्द अजून डॉक्टरच्या मताचा आहे. मात्र त्या मताला जॉर्जियातल्यासारखा तुरुंगाचा धाक पहिल्या दोन-तीन महिन्यांत नाही, हा फरक लहान नव्हे.

अटलांटा परिसरात मराठी घरे पुष्कळ आहेत. तिथल्या मैफिलीत आम्ही पीचच्या सासवाची कृती निदान दहा जणींना सांगितली असेल. सहा आठवड्यांचा विषय काढला की 'जाऊ दे ना, आपल्याला काय करायचंय' असे ऐकू येई. करायचे आहे. त्या घरांतल्या लेकीसुनांना हाच कायदा लागू आहे. शेजारच्या अलाबामा आणि टेनेसीत जवळजवळ पूर्ण बंदी आहे, साउथ कॅरोलायना आणि फ्लोरिडात मर्यादा सहाच आठवड्यांची, नॉर्थ कॅरोलायनात बाराची. ओहायोत २०२३ साली आणि मिसूरीत २०२४ साली नागरिकांनी स्वाक्षऱ्या गोळा करून हा प्रश्न मतपेटीत नेला आणि जिंकला. जॉर्जियात नागरिकांना तशी सोय नाही. तिथे विधिमंडळच बदलावे लागेल, आणि त्या विधिमंडळासाठी मत देण्याचा अधिकार आता अनेक मराठी नागरिकांकडे आहे.