खारपाणपट्ट्यातील औषधनिर्माता आणि भ्रमणध्वनीवरील वर्ग

वरवट बकाल हे बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याचे गाव. सातपुड्याच्या दक्षिणेस पसरलेला हा टापू पूर्णाखोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. भूजल क्षारयुक्त, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या दोन्ही तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकाराने अनेक कुटुंबे होरपळली आहेत. अशा गावात कंबरदुखीने बेजार झालेला शेतमजूर औषधाच्या दुकानात येतो आणि म्हणतो, "दुखण्याची गोळी द्या." डायक्लोफेनॅक वा आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवितात, आधीच दुर्बल झालेल्या मूत्रपिंडास ती घातक ठरू शकतात. दुकानातल्या तरुणाने गोळी मुकाट्याने काढून द्यावी, की "पायावर सूज आहे का, रक्त तपासले होते का?" असे विचारावे? औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाची खरी परीक्षा येथे होते.

२०२० च्या शिक्षण विनियमांनी पदविका अभ्यासक्रमात 'सामाजिक औषधनिर्माणशास्त्र' हा विषय आणला, हे स्वागतार्हच आहे. परंतु पाठ्यपुस्तक साऱ्या देशासाठी लिहिलेले असते. त्यात संग्रामपूरचे पाणी कोठून येणार? ही उणीव भरून काढण्याचे साधन प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. दुर्दैवाने बहुतेक व्हॉट्सॲप गटांवर सूचना, सणांच्या शुभेच्छा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री 'हमखास येणारे प्रश्न' एवढेच फिरत असते. पोथी रेशमी वस्त्रात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवावी आणि उघडूच नये, तसला हा प्रकार.

त्याऐवजी प्राध्यापकांनी आठवड्यातून एकदा, रुग्णाची ओळख पूर्णतः पुसून, परिसरातील एखादे औषधपत्र गटावर मांडावे. विद्यार्थ्यांनी आधारग्रंथ पाहून उत्तर द्यावे, कोणत्या ग्रंथातून दिले तेही सांगावे. चुकीची दुरुस्ती त्याच गटावर, सर्वांसमक्ष व्हावी. वेदनाशामकांचा विषय निघाला की गिधाडांची कथा सांगावी. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन या पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, त्यांचे थवेच्या थवे नष्ट झाले आणि २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. फळ्यावरची व्याख्या विसरणारा विद्यार्थी ही कथा विसरणार नाही. वर्षानुवर्षे दुकान चालविणारे माजी विद्यार्थीही या गटात हवेत; ग्राहकास न दुखावता 'नाही' कसे म्हणावे, हे त्यांच्याइतके कोण शिकविणार?

या माध्यमाविषयी ज्येष्ठ शिक्षकांना वाटणारी धास्ती निराधार नाही. २०२० आणि २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, याच पडद्यावरून भलभलते उपाय घरोघरी पोहोचले होते. म्हणूनच गटाची सूत्रे शिक्षकाच्याच हाती असावीत. शिवाय ब्युरेटची तोटी नेमक्या थेंबावर बंद करणे, मलम एकजीव होईतो घोटणे, ही कामे चित्रफीत पाहून येत नाहीत. प्रयोगशाळेचा एक तासही कमी करण्याची सबब या साधनाने देऊ नये.

पहिल्याच आठवड्याचे औषधपत्र ठरविणे अवघड नाही. साठीचा शेतकरी, रक्तदाबाची गोळी चालू, पायावर सूज, गुडघेदुखी असह्य, आणि हातात शेजाऱ्याने दिलेली वेदनाशामकाची रिकामी पट्टी.